सॅक भरण्यापूर्वी...

पावसाच्या पहिल्या सरी कोसळल्या की मुंबई-पुण्याच्या तरुणाईची पावले सह्याद्रीकडे वळतात, हे वाक्य वर्तमानपत्रांतून इतक्या वेळा छापून आले आहे की आता त्याचे काही वाटेनासे झाले आहे. त्यानंतर काही आठवड्यांतच दुसरी ठरलेली बातमी येते. वाट चुकलेल्या पर्यटकांची गावकरी आणि गिर्यारोहकांनी रात्रभर शोध घेऊन सुटका केल्याची. या दोन बातम्यांच्या मध्ये बहुधा एक खरेदी झालेली असते. नवी सॅक, नवे बूट, नवा रेनकोट आणि सवलतीत मिळालेली एखादी झगझगीत विजेरी.

या वस्तूंची अडचण अशी की त्यांची निवड लखलखत्या दुकानात किंवा मोबाइलच्या पडद्यावर होते आणि परीक्षा मात्र अंधारात, वाऱ्यात, भिजलेल्या हातांनी द्यावी लागते. रंग, खिशांची संख्या आणि खोक्यावरील आकडे यांवरून वस्तू विश्वासार्ह आहे की नाही ते कळत नाही. जाणकार गिर्यारोहक खरेदी करताना एकच प्रश्न विचारतात. ही वस्तू ऐन वेळी निकामी झाली तर काय होईल? पाण्याची बाटली गळली तर गैरसोय होईल. विजेरी विझली तर कड्याच्या तोंडाशी बसून पहाट होण्याची वाट पाहावी लागेल. पैसा कोठे खर्च करायचा आणि कोठे वाचवायचा, हे या उत्तरावरून ठरते.

सह्याद्रीत असे काय बिघडणार, असा समज अजूनही आढळतो. हरिश्चंद्रगडाची उंची अवघी १,४२४ मीटर. तेथे ऑगस्ट २०२३ च्या आरंभी पुण्याहून आलेला एक गट धुक्यात आणि मुसळधार पावसात वाट चुकला. रात्र उघड्यावर काढावी लागली आणि गटातील एकाचा थंडीने मृत्यू झाला. हिमालयात नव्हे, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात! शरीराचे आतील तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की हायपोथर्मियाला सुरुवात होते आणि त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. ओले सुती कपडे, घोंघावता वारा आणि रिकामे पोट एवढे पुरते. अशा रात्री सॅकमधील एक कोरडा कपड्यांचा जोड आणि एक पेटता दिवा यांची किंमत पावतीवरील किमतीपेक्षा फार मोठी असते.

दिव्याखालचा अंधार

विजेरीपासून सुरुवात करणे योग्य ठरेल, कारण फसवणूक सर्वाधिक तिच्यातच होते. उष्ण कटिबंधात संधिप्रकाश फार काळ टिकत नाही. डिसेंबरात मुंबईच्या परिसरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि पुढच्या अर्ध्या तासात काळोख होतो. घाटातील दाट रानात तर तो त्याआधीच उतरतो. ‘चारला निघालो की सातला पायथ्याला’ हा हिशेब एका चुकलेल्या फाट्याने कोलमडतो आणि मग सगळ्यांचे हात मोबाइलकडे जातात.

मोबाइलचा दिवा चपला शोधण्यापुरता ठीक आहे. डोंगरात नेटवर्क शोधण्यातच फोनची बॅटरी झपाट्याने संपत असते. त्यात दिवा चालू ठेवला तर मदत मागण्याचे एकमेव साधन आपल्याच हाताने बंद पाडल्यासारखे होते. शिवाय एक हात कायम अडकलेला राहतो. उतरताना तोच हात कातळाला धरायला हवा असतो.

जुन्या पिढीतील भटक्यांकडे पितळी, दोन किंवा तीन सेलची ‘बॅटरी’ असे. तिचा बल्ब आपटला की जात असे, म्हणून अनेक विजेऱ्यांच्या मागच्या झाकणातच एक जादा बल्ब ठेवण्याची सोय होती. एलईडी आल्यावर हा प्रश्न संपला. आता दिवा सहसा जळत नाही. निकामी होते ते त्याच्या भोवतीचे सारे काही. बटण, सेलला टेकणारी स्प्रिंग, पाणी अडवणारी रबरी कडी, आणि खुद्द सेल. विजेरी हातात घेतल्यावर प्रकाशाआधी या चार गोष्टी पाहाव्यात. झाकण फिरवताना आटे खरखरतात का, रबरी कडी जागेवर आहे का, हलकेच आपटल्यावर दिवा लुकलुकतो का? लुकलुकत असेल तर ती विजेरी दुकानातच ठेवावी.

खोक्यावरील आकड्यांबाबत थोडे विस्ताराने सांगायला हवे. प्रकाशाचे परिमाण म्हणजे ल्युमेन. विजेऱ्यांच्या उत्पादकांनी वाटेल ते आकडे छापू नयेत म्हणून अमेरिकेत २००९ मध्ये ‘एफएल १’ हे मानक आले आणि पुढे जगभरातील चांगल्या कंपन्यांनी ते स्वीकारले. त्यानुसार प्रकाश मोजायचा तो दिवा लावल्यानंतर किमान ३० सेकंदांनी. चालण्याचा अवधी मोजायचा तो मूळ प्रकाशाच्या दहा टक्के प्रकाश उरेपर्यंत. झोताचा पल्ला म्हणजे जेथे प्रकाश पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो ते अंतर. हे कळले की ‘१०० तास चालते’ या दाव्याचा अर्थ उमगतो. त्यातील बरेचसे तास मिणमिणत्या उजेडाचे असू शकतात. त्यात आणखी एक मेख असते. सर्वांत मोठा ल्युमेनचा आकडा आणि सर्वांत मोठा तासांचा आकडा शेजारी-शेजारी छापलेले असतात, पण ते एकाच वेळचे नसतात. एक असतो प्रखर झोताचा आणि दुसरा मंद झोताचा. प्रत्येक टप्प्यासाठी ल्युमेन आणि तास वेगवेगळे दिलेला तक्ता असेल, तर उत्पादकाने काही तरी मोजले आहे असे मानायला जागा आहे.

मानकाचा उल्लेखही नसलेल्या, मुठीत मावणाऱ्या विजेरीवर ‘१०,००० ल्युमेन’ लिहिलेले असले तर शाळेतील विज्ञान पुरे आहे. अशा विजेरीतील एलईडी एका वॉटमागे साधारण शंभर ते दीडशे ल्युमेन देते. म्हणजे दहा हजार ल्युमेनसाठी सत्तर ते शंभर वॉट लागणार. आत असतो ‘१८६५०’ या मापाचा, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, एक लिथियम सेल. चांगल्यातल्या चांगल्या अशा सेलमध्ये साठा असतो साधारण १२ ते १३ वॉट-तासांचा. तो दहा मिनिटांत संपेल आणि त्याआधीच विजेरी हातात धरवणार नाही इतकी तापेल. याच मापाच्या सेलवर ‘९,९०० एमएएच’ असे छापलेले सर्रास दिसते. नावाजलेल्या उत्पादकांचे सेल साधारण ३,५०० एमएएचच्या घरात थांबतात. उरलेली ‘शक्ती’ केवळ छापखान्यातली!

प्रत्यक्षात लागतो किती प्रकाश? पायवाटेने चालायला पन्नास ते शंभर ल्युमेन पुष्कळ झाले. पुढची खूण किंवा दरीपलीकडची वाट शोधायला दोन-तीनशे. मुक्कामी, गुहेत जेवताना पाच-दहा ल्युमेनचा मंद दिवा हवा. तो नसेल तर समोरच्याचे डोळे दिपतात आणि बॅटरीही वाया जाते. प्रखर झोत धुक्यात तर उलटा त्रास देतो. पाण्याच्या कणांवरून परतलेला प्रकाश थेट डोळ्यांत येतो आणि समोर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. अशा वेळी कपाळावरचा दिवा काढून कमरेच्या उंचीवर धरला की वाट पुन्हा दिसू लागते. ही साधी युक्ती पावसाळी भटकंती करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी.

कपाळावर बांधायचा हेडलॅम्प हाच मुख्य दिवा असावा, याबद्दल आता फारसे दुमत नाही. दोन्ही हात मोकळे राहतात हे त्याचे कारण. वाद आहे तो सेलचा. यूएसबीवर चार्ज होणारे दिवे स्वस्त पडतात आणि कचराही करत नाहीत. मात्र ते संपले की पॉवर बँक हवी, तिची केबल हवी आणि ते सारे कोरडे हवे. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या दिव्याला पायथ्याच्या गावातील किराणा दुकानही पुरते. एका मुक्कामाच्या भटकंतीसाठी पहिला प्रकार चालेल. चार-पाच दिवसांच्या भटकंतीत दुसराच अधिक भरवशाचा. उत्तम म्हणजे गटातील सर्वांचे दिवे एकाच मापाच्या सेलचे असावेत आणि प्रत्येकाच्या खिशात एक लहान, स्वस्त, वेगळी विजेरी असावी. मुख्य दिव्याचे सेल बदलायलाही उजेड लागतोच.

पाण्यापासूनच्या संरक्षणासाठी ‘आयपीएक्स’ पुढील आकडा पाहावा. ४ म्हणजे चहूबाजूंनी उडणारे पाणी सहन करणारा. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारा. आपल्याकडच्या जुलैसाठी सातच बरा. नुसत्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाला काही अर्थ नाही.

सॅक खांद्याची नव्हे, कमरेची

सॅक घेताना पहिला प्रश्न ‘किती लिटरची’ असा असतो. एका दिवसाला २० ते ३०, मुक्कामाला ४० ते ५० आणि हिमालयातील मोहिमेला ६० ते ७० लिटर हे ढोबळ उत्तर. त्याहून महत्त्वाचा असतो पाठीच्या लांबीचा प्रश्न, आणि तो क्वचितच कुणी विचारतो. मान पुढे झुकवल्यावर मागे जे टपोरे हाड हाताला लागते तेथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे आणि सॅकची पाठ त्याला जुळते का ते पाहावे. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते आणि ठेंगण्याची लांब. कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडावर टेकला तर बहुतेक भार पायांवर जातो. तो पोटावर आला तर सारे वजन खांद्याला लोंबकळते आणि दुसऱ्या दिवशी मान वळत नाही. दुकानदार रिकामी सॅक पाठीवर चढवून ‘फर्स्ट क्लास’ म्हणतो. रिकामी सॅक सगळ्यांनाच फर्स्ट क्लास बसते. आठ-दहा किलो वजन भरायला सांगावे आणि मगच आरशात पाहावे.

कापडावर ‘डेनियर’चा आकडा असतो. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा तितका धागा जाड. ४२० किंवा ५०० डेनियरचे नायलॉन करवंदीच्या जाळ्या आणि कातळाचे घर्षण वर्षानुवर्षे सोसते. पण सॅक फाटते ती कापडात क्वचितच. ती उसवते. खांद्याचा पट्टा जेथे पाठीला जोडलेला असतो तेथे एकच शिवण आहे की आडव्या टाक्यांची दाट पट्टी आहे, हे आतून उलटे करून पाहावे. चेन हा दुसरा कच्चा दुवा. चेनच्या मापाचा आकडा बहुधा तिच्या मागच्या बाजूला कोरलेला असतो. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० क्रमांकाची चेन असावी. ५ क्रमांकाची नाजूक चेन वरच्या खिशाला शोभते. वर नाडीने आवळायचे तोंड आणि झाकण असलेली सॅक दिसायला जुनाट वाटते खरी, पण तिच्या तोंडाला बिघडण्यासारखे काही नसते.

सॅकबरोबर मिळणारे पावसाळी आवरण हा मोठा गैरसमज आहे. ते बाहेरून झाकते, पाठीकडची बाजू उघडीच राहते. मानेवरून ओघळलेले पाणी पाठीच्या गादीतून आत झिरपते. चार तासांच्या संततधारेत हे आवरण हरते. त्याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे आतून एक जाड, मोठी प्लॅस्टिकची पिशवी घालून तिचे तोंड पिळून दुमडणे. त्या पिशवीत कोरडे कपडे आणि पांघरूण पुन्हा स्वतंत्र पिशवीत. बाहेरचे आवरण तरीही असू द्यावे, पण ते नारिंगी किंवा पिवळे घ्यावे. लष्करी छटांची सध्या चलती आहे. मात्र श्रावणातल्या हिरव्या डोंगरावर हरवलेल्या माणसाने हिरवे आवरण पांघरलेले असणे, शोध घेणाऱ्यांना मुळीच सोयीचे नसते.

बुटांविषयी थोडक्यात. शेवाळलेल्या कातळावर पकड देतो तो तळाचा मऊ रबर. उंच घोटा आणि भारी किंमत यांचा तेथे संबंध नाही. ‘ॲक्शन’चे साधे ट्रेकिंग बूट मराठी भटक्यांमध्ये वर्षानुवर्षे टिकून राहिले ते याच पकडीमुळे. पाणी आत येऊ न देणारे महागडे बूट ओढा ओलांडताना वरून भरतात आणि मग ते पाणी बाहेरही जाऊ देत नाहीत. आणखी एक इशारा जुन्या बुटांसाठी. अनेक बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. दमट हवेत तो वापराविनाही कुजतो. तीन-चार वर्षे माळ्यावर जपून ठेवलेल्या ‘अगदी नव्या’ बुटांचा तळवा पहिल्याच चढणीवर सुटून हातात येतो, त्याचे कारण हेच. सॅकच्या आतील लेपाचे पापुद्रे निघतात आणि तो हाताला चिकट लागतो, तोही याच रोगाचा प्रकार. जुने सामान उसने घेताना हे आवर्जून तपासावे.

दागिना आणि उपकरण

‘सर्व्हायव्हल किट’ नावाच्या डब्यांना अलीकडे चांगले दिवस आले आहेत. एकाच डब्यात बत्तीस वस्तू. वायरची करवत, गळ, चकमक, होकायंत्र, शिट्टी! यातील होकायंत्र दुसऱ्या चांगल्या होकायंत्राशेजारी धरून पाहावे. दोघांची उत्तर दिशा वेगळी निघाली तर डब्याची योग्यता कळते. मनगटावरच्या दोरीच्या कड्याचेही तसेच. ‘५५०’ या नावाने ओळखली जाणारी खरी पॅराशूट दोरी ५५० पौंड, म्हणजे सुमारे २५० किलोचा ताण सोसते आणि तिच्या आत सात बारीक दोऱ्या असतात. नकली दोरी कापली तर आत कापूस किंवा पोकळी निघते. खरी असली तरी ती तंबू ताणायला आणि सुटलेला बूट बांधायला. माणसाचा भार तिच्यावर कदापि टाकू नये.

येथे चूक जिवावर बेतते, म्हणून स्पष्ट लिहायला हवे. किल्ल्या अडकवायच्या रंगीत कड्या आणि गिर्यारोहणाचे कॅराबिनर दिसायला सारखेच असतात. खऱ्या कॅराबिनरवर किलोन्यूटनमधील क्षमता कोरलेली असते. लांबीच्या दिशेने २० किंवा अधिक, म्हणजे दोन हजार किलोंहून जास्त भार. आकडा नसेल तर तो दागिना समजावा. दोर, हार्नेस, हेल्मेट यांवर युरोपीय मानकाचा क्रमांक किंवा ‘यूआयएए’ या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाची खूण असते. पावसाळ्यात धबधब्यावरून रॅपलिंग करवणाऱ्यांकडे पैसे भरण्यापूर्वी या खुणा दाखवायला सांगण्यात काहीही गैर नाही. दाखवायला का-कू करणाऱ्याचा दोर आपल्या कमरेला बांधून घेऊ नये.

डब्याऐवजी चार साध्या वस्तू बऱ्या. शिट्टी, चांदीसारखा चकाकणारा पातळ आपत्कालीन ब्लँकेट, छोटा चाकू आणि कोरड्या पिशवीतील लायटर. शिट्टी आत गोटी नसलेली घ्यावी. पाण्याने गोटी अडकली की आवाज निघत नाही. मिनिटभरात सहा वेळा शिट्टी किंवा विजेरीचा झोत, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, हा गिर्यारोहणातील मदतीचा मान्य संकेत आहे. उत्तर येते ते मिनिटाला तीन वेळा. ओरडून घसा बसतो, शिट्टीने नाही. फोनला क्षणभर जरी नेटवर्क मिळाले तरी ११२ या क्रमांकावर, आणि पायथ्याच्या गावात कुणाची ओळख असेल तर तेथे, आपण नेमके कोठे आहोत ते आधी कळवावे.

बाथरूममधील तालीम

यातील बहुतेक गोष्टींची परीक्षा घरी होऊ शकते आणि ती वस्तू परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी करावी. सॅकमध्ये नेहमीसारखी आतली पिशवी घालून तिच्यात कालचे वर्तमानपत्र ठेवावे आणि सॅक पंधरा मिनिटे शॉवरखाली धरावी. कागद कोरडा निघाला तर कपडेही निघतील. आयपीएक्स ७ म्हणवणारा हेडलॅम्प पाण्याच्या बादलीत अर्धा तास सोडावा. मग नवे सेल घालून तो संध्याकाळी मधल्या टप्प्यावर लावून ठेवावा आणि किती वाजता पुस्तक वाचवेनासे होते ते घड्याळात पाहावे. आलेला अवधी हाच त्या दिव्याचा खरा अवधी. सॅकचा कस पाहायचा तर दहा लिटर पाणी बाटल्यांत भरून, लिफ्ट सोडून, इमारतीचा जिना चार-पाच वेळा चढावा-उतरावा. पट्टा कोठे काचतो ते तिसऱ्या फेरीला कळते. शेजारी हसतील, त्याला इलाज नाही.

निघताना विजेरीतील एक सेल उलटा घालून ठेवला किंवा मागचे झाकण थोडे सैल केले, तर सॅकमध्ये दाबले जाऊन दिवा आपोआप लागत नाही. रात्री काढल्यावर संपलेला निघणारे दिवे बहुधा दुपारभर सॅकमध्येच जळलेले असतात. परतल्यावर सेल काढून ठेवावेत. विसरलेला अल्कलाइन सेल पाझरतो आणि स्प्रिंग खाऊन टाकतो. सॅक धुऊन उलटी टांगावी, उन्हात नव्हे, सावलीत वाऱ्यावर. बुटांत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि ते दुसऱ्या दिवशी बदलावेत.